मापाची दोरी

मास्तरांनी कुणाला वय विचारल्याचं मला आठवत नाही. ते खांदा विचारायचे. माझ्या मुलीच्या बारशाला आले तेव्हा पाळण्यात डोकावून त्यांनी पहिला प्रश्न केला तो हाच, की खांदा केवढा आहे. बाळाला खांदा असतो हे तोवर माझ्या लक्षातही आलं नव्हतं. सासूबाई नंतर तीन दिवस विचारत होत्या, ते गृहस्थ कोण आणि त्यांना बोलावलं कुणी.

बोलावलं मीच होतं. ते आमच्या गावच्या मंडळाचे मास्तर. मास्तर म्हणजे शिक्षक नव्हे, शिंपी. मुंबईत शिंप्याला मास्तर म्हणायची पद्धत आहे आणि त्यावरून गावात कायम घोळ व्हायचा. हायस्कुलातल्या पोरांची पक्की समजूत होती की हे आपल्याच शाळेतले शिक्षक आहेत, फक्त त्यांची बदली लालबागला झालेली आहे. शिक्षकदिनाला त्यांच्या नावाने हाताने रंगवलेली कार्डं यायची. वर लिहिलेलं असायचं, ‘गणवेशाचे सर यांस.’ स्वतः मास्तर चौथी शिकलेले. त्यांच्या लहानपणी गावात त्यापुढे शाळाच नव्हती. ती कार्डं ते मशीनच्या खणात ठेवायचे आणि आल्या-गेल्याला दाखवायचे. पोरांना काय कळतंय, असं तोंडाने म्हणायचे, पण कार्ड काही हातातून सोडायचे नाहीत.

गावचं हायस्कूल मुंबईतल्या मंडळाने चालवायचं ही आमच्या कोकणातली जुनी रीत. आमचं मंडळ म्हणजे लालबागच्या एका चाळीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली. एके काळी गिरणीत काम करणारे गावचे गडी त्या खोलीत पाळीपाळीने झोपत. त्यांनीच पदरमोड करून शाळा उभी केली. पुढे गिरण्या गेल्या, गडीही पांगले. भिंतीवर त्यांच्या ट्रंका ठेवायच्या फळ्या आणि कपडे अडकवायच्या खुंट्या तेवढ्या उरल्या. मास्तर मात्र कुठे गेले नाहीत. खिडकीशी त्यांचं पायमशीन, आणि शेजारच्या खोलीत ते आणि त्यांची बायको, आमच्या काकी.

दर मे महिन्यात त्या खोलीत शाळेतल्या प्रत्येक पोराचा सदरा आणि प्रत्येक पोरीचा कुडता शिवला जायचा. नेमके तेच दिवस लालबागेत मसाल्याचे. खाली गल्लीत डंकावर दिवसभर मिरच्या कुटल्या जायच्या आणि त्याचा खकाणा वर येऊन कापडात बसायचा. त्यामुळे जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या दिवशी प्रार्थनेला अख्खी शाळा शिंकायची. नव्याने रुजू झालेल्या एका बाईंनी साथ समजून आरोग्य केंद्रात कळवलं होतं. जुन्या शिक्षकांनी त्यांना सांगितलं, साथ नाही, गणवेश आलेत.

गणवेशाचा रंग आमसुली. सगळ्या जिल्ह्यात असा गणवेश दुसरा नाही, आणि याचं श्रेय कुणाच्या सौंदर्यदृष्टीला द्यायचं कारण नाही. पहिल्या वर्षी गिरणीच्या रंगखात्यात एक घाणा बिघडला, हवा होता लाल आणि उतरला आमसुली. तो माल कुणी उचलेना, म्हणून आमच्या गड्यांना तागेच्या तागे मिळाले. पोरांनी ते घातले, आणि दुसऱ्या वर्षी शाळेने पांढरा गणवेश सुचवला तर पोरांनीच नाक मुरडलं. तेव्हापासून मास्तर दर वर्षी जुन्या सदऱ्याचा चिंधीएवढा तुकडा खिशात घालून कापड बाजार पालथा घालायचे. दुकानदार आमसुली म्हणून काहीही दाखवायचे, वांगी, विटकरी, कत्थई. मास्तर तुकडा उन्हात नेऊन धरायचे. तरी दर सालचा रंग थोडा हुकायचाच. आमच्या गावची माणसं जुन्या फोटोतल्या सदऱ्यावरून सांगतात, हा अमुक सालचा.

पण मास्तरांचं खरं वेड होतं दोरीचं.

गळ्यात पट्टी न अडकवलेला शिंपी मी तो एकच पाहिला. त्यालाही कारण होतं. सुरुवातीला मंडळाने शाळेला पट्टी पाठवली होती, मापं कागदावर लिहून यायची. आठवीच्या सरांनी बाही खांद्यापासून मोजली आणि नववीच्या सरांनी मानेपासून. त्या साली नववीच्या पोरांचे हात वर्षभर कुणाला दिसले नाहीत. तेव्हा मास्तरांनी पट्टी बंद केली आणि दोरी सुरू केली. साधी सुताची दोरी. एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत धरायची की तिथे गाठ. त्याच गाठीपासून पुढे बाही, गाठ. मग छाती, कंबर, उंची. एका पोराची एक दोरी, पाच गाठी आणि शेंड्याला नावाची चिठ्ठी. आकडा कुठेच नाही. मास्तर म्हणायचे, आकडा आला की माणूस चुकतो.

दोरी बांधायचा दिवस ठरलेला. वार्षिक निकाल लागला की प्रगतिपुस्तक हातात घेऊन पोरं शाळेच्या ओसरीवर जोडीजोडीने उभी राहायची. आपली दोरी आपण बांधायची नाही, जोडीदाराने बांधायची. जो पहिला आला आणि जो ढकलपास झाला त्या दोघांनाही हात पसरून सारखंच उभं राहावं लागायचं. मग सगळ्या दोऱ्या पोत्यात घालून खासगी बसने लालबागला. आणि दिवाळीनंतरच्या एका शनिवारी दुसरा सोहळा. मास्तर बाहीला आणि खाली आतून दोन बोटांची दुमड ठेवायचे, पोरं वाढतात म्हणून. त्या शनिवारी सगळी शाळा सुई घेऊन बसायची आणि ती दुमड उसवून खाली सोडायची. मुलगेसुद्धा. दहावीच्या पोरांनी आठवीच्यांची सोडायची. उसवलेल्या जागी न विटलेल्या कापडाचा एक पट्टा दिसायचा, आणि पोरं तो मिरवायची. कुणाची दुमड सोडावी लागली नाही तर त्याला घरून दूध जास्त मिळेल असं बघा, असा मास्तरांचा मुख्याध्यापकांना निरोप जायचा.

या सगळ्यात मी कशी आले, तर माझे बाबा मंडळाचे चिटणीस होते. ते थकले, तेव्हा मला कॉम्प्युटर येतो एवढ्या एका गुणावर मंडळींनी मला त्यांच्या जागी बसवलं. मी लालबागेत वाढले, शिकले दादरच्या टाय लावायच्या शाळेत, नोकरी बँकेत. गाव मला मे महिन्यापुरतं माहीत. पहिल्याच बैठकीत मी तक्ता करून नेला, लहान, मध्यम, मोठा. शाळेने नुसते आकडे कळवायचे, माल तयार मिळेल, दोऱ्या नकोत. मास्तरांनी तक्ता नीट पाहिला, चष्मा काढला आणि विचारलं,

“आणि जो मधी आसा तो?”

मी म्हटलं, त्याने मोठा घालायचा. तो तक्ता मास्तरांनी पुढे बरीच वर्षं मशीनखाली तेलाचे डाग टिपायला वापरला.

दुसरा त्यांचा हट्ट असा, की माप माणसाचं घ्यायचं, कपड्याचं नाही. कुणी आळशी आईबाप दोरीऐवजी पोराचा जुना सदराच नमुना म्हणून पाठवायचे. मास्तर तो तसाच परत धाडायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, समोर सदरा आहे, त्यावरून बेता, काय बिघडतं. तर म्हणाले, “कपडो गेल्या वर्साचो आसता गो, माणूस आजचो.” मला तेव्हा हे उगाच ताणलेलं वाटलं होतं.

मी चिटणीस झाल्याच्या तिसऱ्या वर्षीची गोष्ट. मे महिन्यातला पहिला रविवार होता. पोतं आलं होतं, दोऱ्या वर्गवार खुंट्यांवर टांगून झाल्या होत्या. मास्तर प्रत्येक दोरीवरून अंगठा फिरवत चालले होते. दर वर्षी ते असंच करायचे, आणि चालता चालता पोरांची हालहवाल सांगायचे. हा उंच झाला, याची छाती भरली, कबड्डी खेळतो वाटतं. यातल्या निम्म्या पोरांना त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नसायचं.

नववीच्या रांगेत त्यांचा अंगठा थांबला. एक दोरी सोडली, पुढची धरली, परत मागे आले. मग दोन्ही दोऱ्या उतरवून टेबलावर शेजारी शेजारी ताणल्या. पाचही गाठी समोरासमोर आल्या. एका चिठ्ठीवर प्राचीचं नाव होतं आणि दुसरीवर सायलीचं. मी म्हटलं, असतील दोघी एका अंगाच्या. मास्तरांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं बँकेत फक्त ऑडिटवाले पाहतात. त्यांनी फळीवरून गेल्या सालचा बिस्किटाचा डबा काढला. जुन्या दोऱ्या ते साल घालून अशा डब्यांतून ठेवायचे. त्यातून सायलीची दोरी शोधून शेजारी लावली. तिची गेल्या वर्षीचीच बाही या नव्या दोरीतल्या बाहीपेक्षा बोटभर लांब होती.

“माणसाची बाही आखडना नाय,” ते म्हणाले. “ही सायलीची दोरी न्हय.”

त्यांनी मला तिथूनच मुख्याध्यापकांना फोन लावायला सांगितला. सर सुट्टीत बागेत काजू वेचत होते. त्यांना काही माहीत नव्हतं, पण त्यांनी प्राचीच्या घरचा नंबर दिला. प्राची आधी म्हणाली की दोरी सायलीचीच आहे. मास्तरांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि नुसतंच विचारलं की बाळा, तुझं जेवण झालं का. त्यावर ती रडायलाच लागली. मग कळलं ते असं. पेपर संपले त्याच दिवशी सायलीला तिच्या मामाने मुंबईला आणलं होतं. मामीला बाळ झालं होतं आणि घरात कुणी मोठं माणूस नव्हतं. सायलीचे वडील मच्छीमार लाँचवर, पाठची दोन भावंडं लहान. पोरगी मामाकडे राहील, मुंबईतच शिकेल, असं आईला सांगितलं होतं. शाळेत मात्र सगळे म्हणत होते की ती आता काही येत नाही. सायली प्राचीची जोडीदार. तिची दोरी बांधायला ती समोर नव्हती, म्हणून प्राचीने आपल्याच मापाची दुसरी दोरी करून तिच्या नावाने पोत्यात टाकली होती.

“गणवेश तयार असला की तिला यावंच लागेल ना, आजोबा?” प्राचीने विचारलं.

मास्तर म्हणाले, हो. फोन ठेवला आणि बराच वेळ ती खोटी दोरी बोटाला गुंडाळत बसले. पुढे त्यांनी मामाचा पत्ता काढला, आणि तो ऐकून मलाच कानकोंडं झालं. मामा सरकारी नोकर, अँटॉप हिलच्या वसाहतीत राहणारे. माझं घरही तिथलंच, दोन इमारती सोडून. पाण्याच्या टाकीपाशी सकाळी एक उंच, सडपातळ पोरगी तान्हं बाळ घेऊन उन्हात उभी असायची. महिनाभर मी तिला रोज पाहत होते आणि रोज पुढे जात होते.

पुढच्या रविवारी मास्तर अँटॉप हिलला आले. नुसती दोरी घेऊन. मला वाटलं होतं, मंडळाच्या वतीने चार गोष्टी सुनावायच्या आहेत, म्हणून मी मनाशी जुळवाजुळव करून ठेवली होती. मामांनी दार उघडलं, ओळखलं, वाकून नमस्कार केला. मामा स्वतः त्याच हायस्कुलाचे. मास्तरांनी सांगितलं की पोरीचं माप चुकीचं आलंय, ते पुन्हा घ्यायला आलोय. मामा अवघडले. म्हणाले, “काका, तिला आता गावचा गणवेश कशाला? इकडे काय शाळा कमी आहेत?” मास्तरांनी विचारलं, कोणत्या शाळेत घातलीस. मामा म्हणाले, बघतोय.

सायली बाळाला कडेवर घेऊन आली. मूल कडेवर असलं की खांदा तिरका होतो आणि तिरक्या खांद्याचं माप मास्तर घेत नसत. ते दोरी धरून उभे राहिले. बाळाला घ्यायला कुणी पुढे येईना, शेवटी मी घेतलं. मास्तरांनी खांदा घेतला, बाही घेतली, दोन गाठी मारल्या आणि म्हणाले, दोरी संपली, उरलेलं पुढच्या रविवारी. दोरी चांगली चार हात लोंबत होती. मला हसू आवरेना. मामा मात्र आम्हाला दारापर्यंत सोडायला आले.

दुसऱ्या रविवारी छाती, कंबर आणि उंची. गाठी मी मारल्या, मास्तर भिंतीकडे तोंड करून सांगत होते. माप संपल्यावर मास्तरांनी इतर पोरांना विचारायचे तसं तिलाही विचारलं, की काही सांगायचंय का, गळा, खिसा. ती खालीच बघत होती. म्हणाली, “आजोबा, आतली दुमड जरा मोठी ठेवा. मला यायला उशीर झाला तर?”

मामा दारातच उभे होते. त्यांनी ऐकलं. मास्तरांनीही ऐकलं, पण मान हलवून दोरी खिशात घातली आणि जिना उतरले. खाली आल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यांनी चपला उलट्या पायांत घातल्या आहेत. मला तर तिथेच रडू फुटलं. आपल्याला यायचंय हे त्या पोरीने दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगायचं?

तिसऱ्या रविवारी कच्च्या टाक्यांचा कुडता आणि सोबत एक बिस्किटाचा डबा. सायली आत जाऊन कुडता घालून आली. आमसुली रंग तिला फारच शोभला. खांद्यावर बोट ठेवून पाहिलं तर सूतभरही फरक नव्हता. मग मास्तरांनी डबा उघडला आणि एक काळपट पडलेली दोरी काढली. चिठ्ठीवर मामांचं नाव होतं, मामांच्याच शाळकरी अक्षरात. मास्तरांनी त्यांना उठवलं, पाठमोरं उभं केलं आणि ती दोरी त्यांच्या पाठीला लावली.

“खांदो चार बोटां वाढलो,” एवढंच म्हणाले आणि दोरी त्यांच्या हातात दिली.

मामा खाली बसले. एकेका गाठीवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, दहावीची आहे. त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं, झालं, जिंकलं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून मामी बोलल्या. इतके रविवार त्यांनी आम्हाला मुकाट्याने चहा दिला होता.

“दोरी बघून मलाही रडू येतंय,” त्या म्हणाल्या. “पण पंधरा जूनला मला कामावर हजर व्हायचंय. नाही गेले तर ती जागा गेली. तेव्हा बाळाला कोण बघणार तेवढं सांगा. दोरी बघेल?”

परळच्या एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर त्या कंत्राटी काम करत होत्या. त्या बोलल्या ते खरंच होतं. मी बँकेत नोकरी करणारी बाई, माझी स्वतःची मुलगी सासूबाईंच्या जिवावर वाढवलेली, तरी तीन रविवारांत हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता याची मला लाज वाटली. मास्तरांनी कुडता घडी घातला, डबा काखेत मारला. इतकी वर्षं मी त्यांना पाहत होते, पण हात रिकामे असल्यासारखे ते मला त्या दिवशीच दिसले.

लालबागला पोचलो तर काकी बांगडे साफ करत बसल्या होत्या. काकी मुळात कमी बोलणाऱ्या. मास्तर न जेवता मशीनपाशी जाऊन बसले, तेव्हा त्यांनी मला डोळ्यांनीच विचारलं, काय झालं. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकत ऐकत उरलेले बांगडे संपवले, हात धुतले.

“ह्या इचारूक तीन आयतवार लागले तुमका?” त्या मास्तरांना म्हणाल्या. “त्या पोराक सकाळी हंय आणून घाला म्हणून सांगा. मी काय मेलंय?”

आणि तसंच झालं. दवाखाना आणि चाळ यांत दहा मिनिटांचं अंतर. मामा सकाळी बाळाला आणून सोडायचे, मामी दुपारच्या सुट्टीत येऊन पाजून जायच्या, संध्याकाळी घेऊन जायच्या. हे दोन वर्षं चाललं. मशीनच्या आवाजाने पोर उठेल म्हणून मास्तर आधी कुरकुरले होते, पण मशीन थांबलं की ते उठायचं आणि चालू झालं की झोपायचं, असं निघालं. त्यामुळे मास्तरांना नसलेलं काम काढून पाय हलवत बसावं लागायचं. दर सोमवारी ते त्याच्या मापाची दोरी बांधायचे. त्या दोऱ्यांचा वेगळा डबा आहे.

जूनमध्ये गणवेशांचं गाठोडं परळहून खासगी बसने गावाला गेलं, तेव्हा त्या गाठोड्याशेजारी सायली बसली होती. गाठोडं मामांनी स्वतःच्या खांद्यावरून आणून चढवलं. नववीच्या पहिल्या दिवशी प्राचीचा फोन आला की आम्ही दोघी सगळ्यात जास्त शिंकलो. प्राचीचा कुडता मात्र मास्तरांनी परत मागवून बोटभर सैल केला. जोडीदार नसताना दोन दोऱ्या स्वतःच बांधण्याच्या गडबडीत पोरीने दोन्ही दोऱ्यांत छाती कमी धरली होती. सायलीची मोठी ठेवलेली दुमड दिवाळीनंतरच्या शनिवारी सोडली. प्राचीनेच सोडली.

मास्तर जाऊन आता दोन वर्षं झाली. गणवेश चाळीतल्या तिघीजणी शिवतात, आमसुली कापड हुडकायला मी जाते आणि दर वर्षी हुकते. एप्रिल संपता संपता पोतं येतं. दोऱ्या टांगायला सायली येते. ती मामाकडे राहून माटुंग्याच्या कॉलेजात शिकते. दोरीवरून अंगठा फिरवून माणूस ओळखणं तिला थोडंफार जमायला लागलंय, मला अजून जमत नाही. मामांचं पोर आता शाळेत जातं आणि खुंटीवरच्या दोऱ्या ओढतं, म्हणून काकींचं त्याच्यावर ओरडणं चालू असतं.

एका सदऱ्याचं सांगायचं राहिलं. सायलीच्या दहावीच्या वर्षी, निरोपसमारंभाच्या आधी, तिचा मला फोन आला. त्या वर्षी त्यांच्या वर्गाने कार्यानुभवाला म्हणून एक सदरा शिवायचा ठरवला होता, मास्तरांसाठी. आमसुली. ज्या शाळेचे गणवेश त्यांनी आयुष्यभर शिवले त्या शाळेत ते कधी बसले नव्हते, त्यामुळे शाळेचा सदरा त्यांच्या अंगाला कधी लागला नव्हता. ही गोष्ट मंडळात इतक्या वर्षांत आम्हा कुणाला सुचली नाही, ती त्या पोरांना सुचली. सायली म्हणाली, ताई, त्यांचं माप पाठवा, दोरीनेच, आणि त्यांना कळू देऊ नका.

आता मास्तरांच्या नकळत मास्तरांचं माप कसं घ्यायचं? दोन रविवार मी दोरी पर्समध्ये घेऊन हिंडले. ते झोपायचेही खुर्चीत हाताची घडी घालून. शेवटी ते खाली गेले असताना खुंटीवरचा त्यांचा सदरा काढला, टेबलावर पसरला, भराभर पाच गाठी मारल्या आणि दोरी धाडून दिली.

सदरा आला. कॉलर एका बाजूला झुकलेली, खिसा वाकडा, बटणांची काजं प्रत्येकाने वेगळी केलेली. मास्तरांनी तो उलटा करून शिवण पाहिली, सुलटा करून पाहिली, कुणाला नावं ठेवली नाहीत. मग आत जाऊन घालून आले. खांदे दंडावर उतरले होते आणि बाह्या थेट बोटांच्या पेरांपर्यंत. खुंटीवरचा तो सदरा कितीतरी वर्षांपूर्वीचा होता, आणि मधल्या काळात मास्तर किती झिजलेत ते आम्ही रोज बघूनही पाहिलं नव्हतं. काकी हसायला लागल्या आणि हसता हसता थांबल्या.

मास्तर आरशासमोर उभे राहिले. “माप कोणी घेतल्यान?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मी घेतलं. खुंटीवरच्या सदऱ्याचं. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली. वर म्हटलं, द्या इकडे, बाह्या आखूड करून आणते. कात्री घ्यायला हातही पुढे केला.

त्यांनी कात्री माझ्या हाताखालून काढून घेतली. दोन्ही बाह्या एकेक घडी वर दुमडल्या, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली आणि मशीनवर जाऊन बसले.

“रवांदे,” ते म्हणाले. “वाढतलंय मी.”